फुलं कुणाच्या हद्दीतली

"कोणी विचारलं तर सांगायचं, आई काही करत नाही."

आवाज आईचा. मेणाचा धूर वर्षानुवर्षं घशात गेलेला, म्हणून जरासा खरखरीत. पण पडद्याआडून येताना अगदी हळू, पीस पडल्यासारखा. दारात हातात फळी घेतलेला एखादा सरकारी माणूस उभा असायचा. आईनं घाईघाईनं शेगडीवर झाकण टाकलेलं असायचं, मेणाची कढई खाटेमागे सरकवलेली असायची, आणि अर्धी फुलं उमटलेलं कापड उशीच्या अभ्र्यात कोंबलेलं असायचं. गल्लीत कोणीतरी म्हणालं होतं की, कमाई सांगितली की स्वस्तातला तांदूळ बंद होतो. खरं की खोटं, ते विचारायला कोणी गेलं नव्हतं. मग दोन वेण्या घातलेली वेनिंग दारात जायची आणि फ्रॉकचं टोक पिळत म्हणायची, "आई काही करत नाही."

माणूस मान डोलवून पुढच्या दाराला जायचा. तो वळला की कढई पुन्हा बाहेर यायची, आणि आई गुणगुणायला लागायची—

मेण गं तापतं, वाट गं पाहतं,
थेंबाच्या पोटात फूल गं राहतं...

पुढं शाळेत बाईंनी विचारलं, आई काय करते? वेनिंगनं तेच सांगितलं. कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं, तेव्हाही तेच. तोवर तांदळाचा प्रश्न कधीच मिटला होता. पण काय आहे, एखादी गोष्ट लपवत राहिलं ना, की ती लपवण्यासारखीच वाटायला लागते. आईची काळवंडलेली बोटं, मनगटावरचे भाजल्याचे ठिपके, अंगाला चिकटलेला तो जळक्या मेणाचा वास... वेनिंगला लाज वाटायची. आणि लाज वाटते याची त्याहून जास्त.

आता फळी तिच्याच हातात होती. फळी कसली, चपटं यंत्र होतं, बोटानं चालणारं. बाटीकच्या, म्हणजे मेणानं फुलं काढून रंगवलेल्या कापडाच्या, पेकालोंगान शहराच्या आकडेवारी कार्यालयात तिला नोकरी लागली होती. शहरानं या तिमाहीत काय घडवलं, काय विकलं, बाहेरून काय आणलं आणि त्यात स्वतःची भर किती घातली, हे दारोदार विचारायचं. सगळ्या दारांची बेरीज झाली की म्हणायचं, हे आपलं शहर, एवढं त्याचं उत्पन्न. महापौर त्या बेरजेची वाट नातवाच्या बारशासारखी बघायचे.

दारं बदलली, उत्तर तेच राहिलं. बायका पडद्याआडून बघायच्या, हसायच्या आणि म्हणायच्या, आम्ही काही करत नाही बाई. वेनिंग मुकाट्यानं तसं भरून टाकायची. मेणाचा वास तिलाही यायचा, पण ती दुसरा प्रश्न विचारायची नाही.

त्या दिवशी भरतीचं पाणी गल्लीत घोट्यापर्यंत आलं होतं. समुद्र आमच्याकडे असा अधूनमधून घरी येतो, पाहुण्यासारखा, न सांगता. वेनिंग एका हातात बूट, दुसऱ्या हातात यंत्र घेऊन हाजीबाई रोफिआच्या कारखान्याच्या पायऱ्या चढत होती. हा कारखाना म्हणजे आमच्याकडची गंमत. दुकान शहरात, पण मधलं गटार ओलांडलं की मेणाच्या शेगड्यांची शेड थेट जिल्ह्यात. शहराचं नाव पेकालोंगान, भोवतालच्या जिल्ह्याचंही पेकालोंगान. कार्यालयं मात्र दोन आणि बेरजाही दोन.

गटारापलीकडून एक तरुण येत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवलेले, आणि तसलंच यंत्र डोक्यावर धरलेलं. दोघं एकदमच दाराशी पोचली आणि दोघांनी एकदमच विचारलं, "येऊ का आत?"

हाजीबाईंनी चष्मा वर ढकलला. एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "दोघं एकाच नवरीला बघायला आलात की काय?"

"मी शहराच्या कार्यालयातून," वेनिंग म्हणाली.

"मी जिल्ह्याच्या," तो म्हणाला. आणि हसला. गळ्यातले बूटही हसल्यासारखे हलले.

हाजीबाईंनी सांगून टाकलं की त्यांच्या वयाला आता दोन दोनदा हिशेब सांगणं झेपत नाही. मी कुणाची ते आधी तुम्ही आपसांत ठरवा, मग मला विचारा. आणि चहा पाठवून त्या आत निघून गेल्या.

बाकावर दोघं पाय वर घेऊन बसली. खाली पाणी, वर चहा. त्याचं नाव जत्मिको. डोंगरातल्या वोनोसोबोचा, बदली होऊन नुकताच आलेला. समुद्र असा पायाखाली येतो हे त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

"दुकान माझ्या हद्दीत आहे," वेनिंगनं सुरुवात केली. "विक्री इथं होते."

"शेगड्या माझ्या हद्दीत आहेत."

"शेगड्यांतून काय निघतं, धूर."

"त्या धुराशिवाय तुमच्या दुकानात काय विकाल, पांढऱ्या चादरी?" त्यानं चहाचा घोट घेतला. "मी महिनाभर बघतोय. पांढरं कापड तुमच्या शहरातून निघतं, माझ्या गावांत जातं, तिथून फुलं घेऊन परत येतं. आणि पुस्तकात बघावं तर फुलं तुमच्याच शहरात उगवलेली."

"मग तुमच्या गावांतल्या बायकांना विचारा ना. त्याच सांगतात, आम्ही काही करत नाही." तिनं पेला बाकावर ठेवला. "मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका," तो म्हणाला. "फक्त अशा चिडत राहा. पाण्यातून चालत आल्याचं सार्थक होतं."

वेनिंगनं मान वळवली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. डोक्यावरच्या रुमालाखाली होत्या म्हणून बरं.

शेवटी दोन्हीकडच्या साहेबांनी ठरवलं की हद्दीवरचे सगळे कारखाने दोघांनी मिळून मोजावेत, म्हणजे एकाच कापडाची दोनदा मोजदाद व्हायला नको आणि एखादं सुटायलाही नको. मग काय... सकाळी पुलावर भेटायचं, दुपारपर्यंत फिरायचं. केळीच्या पानात बांधलेला कोवळ्या फणसाचा भात पुलाच्या कठड्यावर बसून खायचा. त्याला तिखट सोसायचं नाही. डोळ्यांतून पाणी काढत तो म्हणायचा, हे सगळं शहराचं कारस्थान आहे. ती आपल्या भातातला नारळ त्याच्या पानावर सरकवायची, न बोलता, जणू चुकून.

आमची नदी रोज वेगळ्या रंगाची असते. ज्या रंगाचा माल चालू, त्या रंगाचं पाणी. जत्मिकोला याचं फार नवल. पुलावर आला की आधी खाली वाकून बघायचा. "आज तुमच्या शहराचं उत्पन्न जांभळं आहे." दुसऱ्या दिवशी, "आज हिरवं. ईदची मागणी दिसते." एकदा नदी अगदी फिकट गुलाबी वाहत होती. तेव्हा तो खाली वाकला, मग वर तिच्याकडे पाहिलं, आणि काहीच म्हणाला नाही. ती म्हणाली, "आज काय झालं, आकडा सापडला नाही का?" तो म्हणाला, "सापडला. पण बेरजेत धरता येणार नाही असा आहे."

तो शहाणपणा करत नव्हता, हेच तिला आवडायचं. दारातल्या म्हाताऱ्यांशी डोंगरातल्या बटाट्याच्या गप्पा मारायचा, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, आणि मग हळूच विचारायचा की मेण कुठून आणता. ती त्याला जत्मिकोसाहेब म्हणायची, मुद्दाम, लांबण लावून.

"सगळा गाव मला मास म्हणतो," तो एकदा म्हणाला. "भाजीवाली म्हणते, हाजीबाई म्हणतात. तुम्हीच तेवढ्या साहेब म्हणता."

आमच्याकडे थोरल्या भावाला मास म्हणतात, रिक्षावाल्यालाही म्हणतात, आणि बायको नवऱ्यालाही तेच म्हणते. फरक असतो तो आवाजात. वेनिंगला आपल्या आवाजाची खात्री नव्हती. "त्या शब्दाला वेळ आहे," एवढंच ती म्हणाली.

आणि मग एके दिवशी, कठड्यावर बसल्या बसल्या, त्यानं सहज विचारलं. घर कुठं? "इथंच, शहरात," ती म्हणाली. भाड्याची खोली शहरातच होती, म्हणजे तसं खोटं नव्हतं. घरी कोण असतं?

"आई."

"काय करतात?"

नदीत निळं पाणी चाललं होतं. वेनिंगनं पानाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "आई... घरीच असते. काही करत नाही."

जत्मिको मोकळेपणानं हसला. "हे उत्तर मी रोज भरून घेतो. माझ्या सगळ्या गावांचं हेच उत्तर आहे."

ती पण हसली. हसताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, दोन वेण्यांच्या पोरीचा.

दर रविवारी ती करंगवारूला जायची. शहराची कमान ओलांडली, भातखाचरं लागली, की पुढं बांबूच्या बेटामागे तिचं गाव. तिथं आई ओसरीवर बुटक्या चौरंगावर बसलेली असायची, हातात चांतिंग, तांब्याच्या चोचीची ती इवली लेखणी. चोचीत अडकलेलं मेण फुंकून मोकळं करायची, आणि कापडावर टिंब टिंब उतरवायची. वेनिंग तिच्याजवळ बसायची, जेवायची, चौकाचौकातल्या गमती सांगायची. जत्मिकोचं नाव मात्र काढायची नाही. आणि संध्याकाळी खोलीवर परतली की सगळ्यात आधी केस धुवायची. दोनदा धुवायची. सोमवारी पुलावर वारा असतो आणि तो तिच्या बाजूनं त्याच्याकडे वाहतो, म्हणून. केसांतून पाणी निथळत असताना ती आरशात बघायची नाही. आईनं स्वतःच्या हातानं जेवू घातलेल्या दिवसाचा वास आपण असा घासून काढतोय, हे बघायला धीर लागतो.

काम संपत आलं तेव्हा एका सकाळी जत्मिको पुलावर तिच्या आधी येऊन उभा होता. शर्टाला इस्त्री. नदीकडे त्यानं पाहिलंच नाही.

"माझी आई विचारतेय," तो म्हणाला. "म्हणजे... मीच विचारतोय, पण आईचं नाव पुढं केलं की बरं पडतं. तुमच्या घरी तुमच्या आईला भेटायला कधी यायचं? रिकाम्या हातानं येणार नाही म्हणते. डोंगरातले बटाटे आणेल, तेवढं सहन करा."

वेनिंगच्या छातीत काहीतरी उमललं आणि त्याच क्षणी कोमेजलं. घरी. म्हणजे ओसरीवर. म्हणजे त्या काळ्या बोटांसमोर, आणि पुलावर बोललेल्या त्या वाक्यासमोर. तो मेणाला हसला नसता, हे तिला ठाऊक होतं. तिनं आई लपवली, याला मात्र तो काय म्हणाला असता?

"बघू," ती म्हणाली.

तो थांबला. मग मान हलवली, आणि विषय बदलला. बदलताना आवाज थोडा दुखावलेला होता, पण त्यानं तो जपून वापरला. "बरं. आज एक मदत कराल? माझ्या हद्दीत एक गाव आहे. माझ्या यंत्रात बघितलं तर अख्ख्या गावात एकही बाई काम करत नाही, आणि गावात शिरलं की मेणाच्या वासानं डोळे चुरचुरतात. असंच राहिलं तर वरच्या बेरजेत ते गाव रिकामं. आणि रिकाम्या गावात कोण कशाला धुराडी बांधून देईल, डोळे तपासायला डॉक्टर पाठवेल? खालच्या गल्लीत शेवटचं घर आहे, विहिरीजवळ. त्या बाईचं काम सगळ्यांत बारीक, असं हाजीबाईच म्हणतात. मी कितीदा गेलो. हसते, चहा देते, आणि म्हणते काही करत नाही. तुम्ही बायकांशी बोलाल तर..."

"गावाचं नाव?" तिनं विचारलं. माहीत होतं, तरी विचारलं.

"करंगवारू."

नाही म्हणायला कारण लागतं. तिच्याजवळ एकच कारण होतं, आणि तेच सांगता येत नव्हतं. ती त्याच्या स्कूटरमागे बसली. वाटेतली प्रत्येक खूण तिच्या ओळखीची. बांबूच्या बेटाशी तिनं रुमाल कपाळावर पुढं ओढला, जसं काही बेट तिला हाक मारेल. आई बाजारात गेली असू दे, ती मनात म्हणत होती. आणि म्हणता म्हणता स्वतःचीच शिसारी येत होती.

आई ओसरीवरच होती.

तिनं मान वर केली. मुलगी दिसली तसा चेहरा उजळला, ओठ हाकेसाठी उघडले. मग तिनं मुलीच्या अंगावरचं कार्यालयाचं जाकीट पाहिलं, मागं उभा असलेला, एरवी एकटाच येणारा तो जिल्ह्याचा मुलगा आज इस्त्रीच्या शर्टात पाहिला, आणि पुन्हा मुलीचा चेहरा पाहिला. चेहऱ्यावर काय होतं, कुणास ठाऊक. वेनिंग काही बोलली नव्हती. बोलायचं होतं, शब्द जिभेवर होता... पण आई चपळ होती.

"या बाई," आई म्हणाली. "या साहेब. बसा ना. घर फार साधं आहे आमचं."

बाई. आयुष्यात पहिल्यांदा आईनं तिला अहो-जाहो केलं होतं. इतकं सहज, इतकं बिनचूक, की वेनिंगला एकदम कळलं, हे आज सुचलेलं नाही. आईला हे कधीचंच माहीत होतं. एक दिवस असं होईल म्हणून तिनं बहुतेक मनातल्या मनात सरावही केला होता.

चांतिंग फडक्याखाली गेली. कापड टांगायच्या बांबूच्या मांडवीवर जुनी चादर आली. आईनं हात पदराखाली घ्यावेत तसे लुंगीच्या काठाखाली घेतले, आणि चहा आणायला आत गेली. चहा आला तो झाकणाच्या काचेच्या पेल्यांतून, पाहुण्यांच्या. वेनिंगचा टवके उडालेला इनॅमलचा मग खुंटीवर असायचा, तो आता दिसत नव्हता. आईनं तोही लपवला होता.

"विचारा ना," जत्मिको हळूच म्हणाला.

वेनिंगनं यंत्र उघडलं. "तुमचं... तुमचं नाव?"

"वारसिह."

"घरात कोण कोण असतं?"

"मी एकटी. मुलगी आहे एक, शहरात असते." आई थोडी पुढं झुकली, आणि अगदी शंका विचारावी तसं विचारलं, "ती इथं मोजायची नाही ना, बाई?"

अक्षरं पाण्यात गेल्यासारखी हलली. "नाही," वेनिंग म्हणाली. "इथं राहत नसेल तर... नाही."

"मग मी एकटीच."

"मुलगी काय करते?" हे जत्मिकोनं विचारलं, प्रश्नावलीत नसलेलं, नुसतं बोलण्याच्या ओघात.

आईचा चेहरा खुलला. तेवढं मात्र तिला लपवता आलं नाही. "शिकलीय, साहेब. ऑफिसात आहे. हात फार स्वच्छ आहेत तिचे."

विहिरीवर कोणीतरी रहाट ओढत होतं. वेनिंगनं आपले हात पाहिले. ते खरंच फार स्वच्छ होते.

"आणि तुम्ही? तुम्ही काही काम करता?"

"छे हो." आई हसली. "काही नाही करत. बसून असते."

वेनिंगच्या बोटानं यंत्रावरचा 'काम नाही'चा चौकोन दाबला, नेहमीसारखा. चहाचा घोट घेतला. त्यात ठेचलेलं आलं होतं, भरपूर, आणि तळाशी न ढवळलेली साखर, तिला लहानपणापासून आवडते तशी. ती उठली. आभार मानले. आईनं दोन्ही हात जोडून निरोप दिला, आणि हात जोडताना बोटं मिटून घेतली.

गल्लीत जत्मिको काही पावलं तिच्या शेजारून चालला.

"तुमच्या चहात आलं होतं," तो म्हणाला. "वास आला मला."

तिनं रुमाल आणखी पुढं ओढला.

"माझ्यात नव्हतं." त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळणं इतकं हळुवार होतं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी... मी पुढच्या घरी जाऊन येतो, वेनिंग. तुम्हाला इथं थोडं थांबायचं असेल तर थांबा. मी काही विचारणार नाही."

तो खरंच पुढं गेला. बूट खडीवर करकरत होते. त्याला सगळं कळलं होतं. आता ती गप्प राहिली असती तरी त्यानं जन्मभर विचारलं नसतं, इतका तो चांगला होता. आणि जन्मभर त्यांच्या दोघांत झाकणाचा एक पेला राहिला असता.

मागून, ओसरीकडून, बारीक आवाजात गुणगुणणं आलं.

मेण गं तापतं, वाट गं पाहतं...

मग शांतता. इथं आई चोच फुंकते. लहानपणी वेनिंग दाराशी उभी राहून या शांततेची वाट बघायची. शांतता झाली की दुसरी ओळ ठरलेली. या वेळी दुसरी ओळ आली नाही.

ती वळली. पळाली म्हणायला हरकत नाही. ओसरीवर आई चांतिंग हातात धरून नुसती बसली होती, मेण चोचीतच थिजत होतं. मुलीला पाहून ती दचकली, आणि तिच्या खांद्यावरून गल्लीकडे बघत घाईघाईनं म्हणाली, "काय बाई, काही विसरलं का?" मग अगदी कुजबुजत, "गेला का गं तो? काही बोलला तर नाही ना? मुलगा चांगला वाटतो..."

वेनिंगनं बूट काढले. ती आत गेली. तिचा तो जुना मग तांदळाच्या डब्यामागे सापडला. झाकणाच्या पेल्यातला उरलेला चहा तिनं त्यात ओतला, बाहेर आली, आणि आईच्या शेजारी, मेणाच्या डागांनी काळ्या झालेल्या जमिनीवर बसली. कार्यालयाच्या जाकिटासकट. मांडवीवरची चादर तिनं ओढून काढली.

खाली फुलं होती. बारीक, असंख्य, अजून रंग न चढलेली. उद्या शहरात जाणार होती.

"जत्मिको," तिनं हाक मारली. आवाज फाटला. पुन्हा मारली.

तो दोन घरं पलीकडून आला. पायरीशीच थांबला, आत आला नाही. आधी तिच्या हातातला मग पाहिला, नंतर कापड पाहिलं, नंतर तिचे डोळे.

"पुन्हा विचारा," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"मी विचारलं तेच. शेवटचं."

त्यानं यंत्र उघडलं नाही. तो पायरीवर उकिडवा बसला, आईच्या समोर, आणि एखाद्या मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "आई, तुम्ही काही काम करता?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. घाबरली होती. चांतिंग ठेवून हात पुन्हा लुंगीच्या काठाखाली गेले, आणि इतक्या वर्षांची सवय ओठांवर आपोआप आली. "छे हो, मी काही..."

वेनिंगनं तिचा हात धरला. बोटं अजून गरम होती. थिजलेलं मेण तिच्या तळव्याला चिकटलं. तिनं तो हात लुंगीच्या काठाखालून बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा, आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"ही माझी आई," ती म्हणाली. "बाटीक करते. मी जन्माला यायच्या आधीपासून करते. मी तुम्हाला पुलावर खोटं सांगितलं होतं. लहानपणी सगळ्यांना सांगायची, तेच." तिनं डोळे पुसले नाहीत. "आणि तुमच्या आईला घेऊन कधी यायचं, ते मी बोलले नव्हते. कधीही या. घर हेच आहे... मास."